सतरा की अठरा

रतीबाच्या ताफ्यातल्या बायकांनी ती ओळ उचलली तेव्हा वजीहा खाला कॉफी पीत होती. तिनं पेला खाली ठेवला, पण बशीत नाही, स्वतःच्या मांडीवर. कॉफी झग्यावरून ओघळली तरी तिला पत्ता नव्हता.

"हे आपलं आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "लम्या, हे आपलंच आहे ना गं?"

आपलंच होतं. निदान त्या दुपारी मला तसंच वाटलं.

फराफ्रा मोहल्ल्यातल्या एका बड्या घरी लग्न होतं. वराकडच्यांनी आमचा गाणाऱ्या बायकांचा ताफा बोलावला होता, वधूकडच्यांनी हाज्जा रतीबाचा. एका अंगणात दोन ताफे म्हणजे दोन सवती एका स्वयंपाकघरात कोंडल्यासारखं, पण अलेप्पोतल्या श्रीमंतांना अशी हौस असते. आमचं गाऊन झालं होतं. रतीबा स्वतः आता फार थकली होती, ती येत नसे. तिच्या जागी तिची नात गात होती.

आम्ही चौघी होतो. वजीहा खाला गायची आणि म्होरकी तीच. नुहाद डफ वाजवायची. पन्नाशीची, विधवा, बोलायला कमी, पण हात असा पक्का की तिच्यावर घड्याळ लावावं. सिरानूश ही आर्मेनियन बाई व्हायोलिनवर. आणि मी मागे बसून साथीला गायची. लग्नं बहुधा गुरुवारी असत. आठवड्याचे बाकीचे दिवस मी जमीलियातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. मुख्याध्यापिकेला माझ्या गुरुवारांचा सुगावा लागला असता तर तिनं मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, म्हणून लग्नांना जाता-येता मी काळा रुमाल तोंडावर ओढून घेत असे.

ते गाणं आमच्या ताफ्याचा जीव होतं. खालाला ते तिच्या आईकडून मिळालेलं. दुसऱ्या कुणाला ते येत नाही, असं ती प्रत्येक लग्नात सांगायची. त्याचं आवर्तन अठरा मात्रांचं. एका ओळीला अशी चार आवर्तनं, म्हणजे बहात्तर मात्रा. ओळीचे चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी एक लांब ओढलेला शब्द: डोळे, चंद्र, फांदी, पेला. गंमत अशी की ओळीतले शब्द अडुसष्ट मात्रांतच संपायचे. उरलेल्या चार मात्रा खाला "या लली, या लली" असं घोळवून भरायची आणि नेमकी समेवर येऊन बसायची. "डोळे" डफाच्या थापेवर यायचा, पण "चंद्र" एक मात्रा आधीच निसटायचा, "फांदी" दोन, "पेला" तीन. गळा पुढे पळतोय, डफ मागे राहतोय, आता ही चुकणार, असं वाटून बायका श्वास रोखून बसायच्या, आणि शेवटी त्या "या लली"त दोघांची गाठ पडली की टाळ्या. "गळा रुसतो, डफ समजूत काढतो," असं खाला म्हणायची. "या लली" ही आमच्या घराची मोहर.

रतीबाच्या नातीनं "या लली" म्हटलंच नाही. ओळ संपली, सम आली, दुसरी ओळ सुरू.

"मोहर खरवडून काढलीय," खाला पुटपुटली. "चोरीच्या भांड्यावरचं नाव घासून काढतात ना, तशी."

मग तिनं आम्हा तिघींकडे एकेक करून पाहिलं. असं तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला तिच्या घरी बोलावलं. कॉफी आली नाही, तेव्हाच मी समजले.

"नुहाद, सोमवारी तू कुठं होतीस?"

"घरी."

"घरी? माझ्या भाचीनं तुला रतीबाच्या गल्लीतून बाहेर पडताना पाहिलं. डोकं झाकून, भिंतीच्या कडेकडेनं."

नुहादनं डफाच्या कडेवरचा एक सैल खिळा बोटानं दाबला. "काम होतं माझं."

"कसलं काम? त्या गल्लीत तुझं कोण मेलंय?"

"ते आत्ता सांगायचं नाही मला."

"ऐकलंत?" खाला आमच्याकडे वळली. "आत्ता सांगायचं नाही! मग कधी? आपली सगळी गाणी तिकडे पोचल्यावर?"

"वजीहा, वीस वर्षं तुझ्या मांडीला मांडी लावून वाजवतेय मी."

"म्हणूनच पुरतं पाठ झालंय तुला!"

सिरानूश म्हणाली, "अगं, जरा थांब की. काही पुरावा तरी..." पण खालानं तिला एका हातानं गप्प केलं. नुहाद उठली. डफ तिचा स्वतःचा होता, तरी तो तिनं तिथंच चटईवर ठेवला आणि चपला हातात घेऊनच ती जिना उतरली.

मी काय केलं? मी काहीच केलं नाही. कारण माझ्या पर्समध्ये एक निळी वही होती.

खालाला लिहिणं खपत नसे. गाणं कानातून कानात जावं, कागदावर गेलं की त्याला पाय फुटतात, असं ती म्हणायची. पण मला त्या गाण्याची रचना समजून घ्यायची होती. चौकडीच्या कागदावर मी डफाच्या भरीव थापेला टिंब, काठावरच्या हलक्या बोलाला रेघ आणि शब्दांना अक्षरं अशी खूण करून सगळं गाणं चोरून उतरवलं होतं. आणि महिन्याभरापूर्वी ती वही मी शिक्षिकांच्या खोलीत दिवसभर विसरले होते. आमच्या शिवणाच्या बाई रतीबाच्या शेजारी राहत. वही मिळाली तेव्हा ती ज्या बाजूनं ठेवली होती त्या बाजूनं नव्हती, असं मला आता आठवू लागलं. खरंच आठवत होतं की भीतीनं तसं वाटत होतं, कोण जाणे. शिवणाच्या बाईंनी सकाळी "काय, बरी आहेस ना?" विचारलं तरी मला त्यात काहीतरी दिसायचं.

नुहाद गेल्यावर खाला मला म्हणाली, "मास्तरीण, आता तुझं शिक्षण कामाला येऊ दे. रतीबाचा ताफा पुन्हा गाईल तिथं जा. मोज. प्रत्येक हाताची एक खोड असते. ती नुहादची आहे हे मला सगळ्यांसमोर दाखवायचंय."

"आणि तिची नसली तर?"

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तर आणखी कुणाची असेल."

तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण शनिवारी हमामखान्यात, अंगाला साबण लावता लावता, तिनं ओळखीच्या तीन बायकांना सांगितलं की नुहादनं घरातलं गाणं विकलं. हमामखान्यातल्या तीन बायका म्हणजे अर्धं शहर.

पुढच्या गुरुवारी बाब अल-नैरब मोहल्ल्यात रतीबाचा ताफा गाणार होता. मी पाहुणी म्हणून गेले. कुणाकडची, असं दोघींनी विचारलं. मी दोघींना वेगवेगळं सांगितलं. ओंजळभर पिस्ते मांडीवर घेऊन मी खांबाआड बसले. मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायच्या, आणि आवर्तन पुरं झालं की एक पिस्ता डाव्या बाजूचा उजवीकडे सरकवायचा, असा माझा बेत. शेजारची म्हातारी म्हणाली, "खा की बाई, नुसती खेळतेस काय?"

गाणं सुरू झालं. पहिल्या आवर्तनाला सतरा आले. चुकले असेन म्हटलं. दुसऱ्यालाही सतरा. पुढच्या ओळीला मी डोळे मिटून मोजलं. सतरा. ओळीला पिस्ते चारच सरकले, आणि मागे एकही मात्रा उरली नाही. चार सतरे अडुसष्ट. शब्दही अडुसष्ट.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, चोरांनी काटछाट केली. पण "चंद्र" आला तो डफाच्या भरीव थापेवर आला. "फांदी" आली, थापेवर. "पेला" आला, तोही. चारही शब्द आपापल्या जागी, पायरीवर पाय ठेवून चढावं तसे. माझ्या मांडीवरचे पिस्ते खाली सांडले.

घरी येऊन मी चौकडीचा कागद पसरला. वर आमचं गाणं, खाली त्यांचं. समजा, त्यांनी आमचं चोरलं. "या लली" कापून टाकलं तर आवाज अडुसष्टाव्या मात्रेला संपतो आणि डफ बहात्तरावर जातो. म्हणजे नुसतं शेपूट तोडून भागत नाही, चारही आवर्तनांतून एकेक मात्रा काढावी लागते. आणि तेवढं केल्यावर चारही लांब शब्द योगायोगानं बरोबर थापेवर पडायला हवेत. असा योगायोग मी शाळेतल्या पोरींना उत्तर म्हणून लिहू दिला नसता.

आता उलटं धरलं. गाणं मुळात सतराचं. कुणीतरी ते लांबून, आडून ऐकलं. गळा भिंती ओलांडून येतो, शब्द नीट कळतात. डफाची भरीव थापही येते, पण हलके बोल विरून जातात. सतरा ही अडनिडी संख्या, तिचे सारखे भाग होत नाहीत. अठराचे होतात, दोन करा, तीन करा. हात सवयीनं शेवटी एक श्वास घेतो आणि सतराचे अठरा होतात. चार आवर्तनांत चार मात्रा साठतात. त्या कुठंतरी भरायला हव्यात. म्हणून "या लली".

म्हणजे चोरी झाली होती, पण उलट्या दिशेनं. नुहाद सुटली, माझी वहीही सुटली. मला आनंद व्हायला हवा होता. पण खालाला हे सांगायचं कसं, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. कागद तिच्यापुढे ठेवला, तेव्हा माझ्याकडे वही होती हेही तिला कळलंच. तिनं कागदाला हात लावला नाही.

"काय दिलं त्या रतीबानं तुला?"

"खाला, मी फक्त मोजलं."

"मोजलंस! माझी आई चोर, हे मोजलंस? टिंबं काढून?"

"तुम्ही स्वतः गाऊन बघा. दर आवर्तनाला एक मात्रा सोडा आणि 'चंद्र' कुठं पडतो ते..."

"मी काही सोडणार नाही. तू लिहून काढलंस, तूच पोचवलंस, आणि आता नुहादला वाचवायला ही कहाणी रचलीस." ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

"कुठं?"

"त्या म्हातारीच्या घरी. तिला नि तुला, दोघींना तोंडावर खोटं पाडते."

रतीबा दिवाणावर पाय सोडून बसली होती. ऐंशीच्या पुढची, हात काटकुळे, पण नजर अशी की सुईत दोरा ओवावा. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"ये. फहीमाची पोर ना तू? घर सापडायला चाळीस वर्षं लागली होय गं तुला?"

आईचं नाव ऐकून खाला दारातच थबकली. "तुम्ही माझ्या आईला कशा ओळखता?"

"आमच्याकडे कपडे धुवायला यायची. मागच्या चौकात. आम्ही बहिणी माडीवर सरावाला बसायचो, आणि खाली तिचं धोपटणं मधेच थांबायचं. गाणं संपलं की पुन्हा सुरू. माझी बहीण म्हणायची, आपल्या चादरी आज वाळायच्या नाहीत."

"खोटं आहे. माझी आई कुणाच्या घरी कपडे धुवायला गेली नाही."

"तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. पांढरट, पिंपळपानाएवढा. आमच्याच हंड्यातलं उकळतं पाणी ते. लोणी मी लावलं होतं."

खाला दारातून आत आली. ती बसली. सून कॉफी घेऊन आली, तिच्याकडेही खालानं संशयानं पाहिलं, जणू तीही कटात होती.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" शेवटी तिनं विचारलं. "आणि आत्ताच का गायलात?"

"ते गाणं माझी बहीण गायची. ती गेल्यावर मी बंद केलं. यंदा नातीनं हट्ट धरला, म्हणून बाहेर काढलं. आणि तेव्हा गप्प का, तर फहीमाला नवऱ्यानं टाकलेलं, पदरात तू. गाऊन पोट भरतेय तर भरू दे म्हटलं." म्हातारी मिस्कीलपणे पुढे झुकली. "आणि खरं सांगू? चुकीचं गात होती गं! आम्ही दाराआड उभ्या राहून ऐकलं आणि पोट धरून हसलो. मोडकी वस्तू चोरीची म्हणून परत कोण मागायला जातं?"

खालाचा चेहरा लाल झाला. "वाजवून दाखवा," ती म्हणाली. "तोंडानं कुणीही सांगेल."

रतीबानं तांब्याचं तबक पुढे ओढलं आणि त्यावर बोटं चालवली. लय जराही हलत नव्हती. मी सवयीनं मोजलं. खालानं डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात शब्द म्हणायला सुरुवात केली, चूक पकडण्याच्या इराद्यानंच. "डोळे" थापेवर आला. मग "चंद्र" आला, आणि तोही थापेवर. तिच्या भुवया उंचावल्या. "फांदी"ला ती थांबली. तबक पुढे वाजत राहिलं आणि ती नुसती ऐकत बसली.

"आईला माहीत होतं का," तबक थांबल्यावर तिनं विचारलं, "की चुकतंय ते?"

"ते मला कसं कळणार, पोरी? तिनं ते 'या लली' मात्र छान बसवलं होतं. तेवढं आमच्यात कुणालाच सुचलं नसतं."

परतताना गल्लीत खाला मधेच थांबली. "नुहाद इथं कशाला आली होती मग?" संशय तिला अजून सोडत नव्हता. मी म्हटलं, तिलाच विचारू.

नुहाद दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. खालानं सगळं सांगितलं, आईच्या कपडे धुण्यासकट. एक शब्द लपवला नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगेन. नुहादनं ऐकून घेतलं.

"त्या गल्लीत एक मुलगी बघितली होती मुसाबसाठी," ती म्हणाली. मुसाब हा तिचा एकुलता एक मुलगा. "पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. नजर लागते. तिच्या आईनं परवा निरोप पाठवला की चोरट्या घरात मुलगी द्यायची नाही."

वजीहा खाला तिथंच, उंबऱ्याबाहेर, जमिनीवर बसली. "मी जाते त्यांच्याकडे. आत्ता जाते. पाय धरते."

ती खरोखर गेली. मुलीच्या आईनं तिला बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाली, "त्या दिवशी म्हणालात चोर आहे, आज म्हणता नाही. उद्या काय म्हणाल कुणास ठाऊक. आमची एकच मुलगी आहे."

खाला गेल्यावर मी नुहादपाशी मागे राहिले होते. माझ्या वहीचं मी तिला सांगितलं. शिक्षिकांच्या खोलीचं, माझ्या भीतीचं, सगळं.

"त्या दिवशी तू तोंड उघडलं असतंस तर?"

"तर संशय माझ्यावर आला असता."

"हो," ती म्हणाली. "अर्धा तरी आला असता." आणि तिनं दार लोटून घेतलं.

ताफ्यात ती परत आली नाही. खालानं तिचा डफ तीनदा पाठवला, तो तीनदा परत आला. पुढच्या लग्नात डफ मी धरला. गाण्याआधी खाला उभी राहिली आणि भरल्या अंगणात म्हणाली, "हे गाणं हाज्जा रतीबाच्या घरचं. सतरा मात्रांचं. माझ्या आईनं ते चोरून ऐकलं आणि चुकीचं ऐकलं. मी तिची मुलगी, मी चुकीचंच गाणार. आणि नुहादनं कुणाचं काही नेलेलं नाही, तसं म्हणणारी मी खोटी." अंगणात कुजबुज झाली. माझ्यामागच्या एकीनं दुसरीला सांगितलं, "बघ हं, रतीबाशी संधान बांधलंय हिनं. आता दोघी मिळून लग्नं घेणार." दुसरी म्हणाली, "मला आधीपासूनच शंका होती."

दोन वर्षांनी मुसाबचं लग्न झालं, इदलिबच्या मुलीशी. आम्हा तिघींना आमंत्रण आलं, पाहुण्या म्हणून. ताफा आमचाही नव्हता आणि रतीबाचाही नव्हता. नुहादनं कुठून तरी ग्रामोफोन आणून अंगणातल्या लिंबाखाली ठेवला होता आणि तबकड्या ती स्वतः बदलत होती. वजीहा खाला पहिल्या रांगेत बसली. कुणीतरी तिला गायचा आग्रह केला तेव्हा तिनं नुहादकडे पाहिलं. नुहादनं नकारार्थी मान हलवली, तबकडीवर सुई ठेवली आणि सगळ्यांत आधी कॉफी आणून दिली ती खालालाच.